बुंध्याखालची सावली

खाणीत जेवायला कुठेही बसता येतं, तरी त्या पाळीतले सगळे एकाच कोपऱ्यात डबे घेऊन दाटीवाटीने बसायचे. जावई त्या खाणीत भूशास्त्रज्ञ, तर सासरे छताला आधाराचे खांब लावणारे. घरी मिळणारा जावयाचा मान सासरे खाली व्याजासकट वसूल करत.

त्या दिवशी जावयाने सहज मान वर केली आणि हातातला डबा खाली ठेवला. त्याच्या टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात, सासऱ्यांच्या बरोबर डोक्यावर, छतात जात्याएवढं एक वर्तुळ दिसत होतं. भोवती कोळशाची चकचकीत कड.

"मामा, आधी तिथून उठा."

"का? जागा राखून ठेवलीय तुम्ही?"

"वर झाड आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे दलदल होती. तिच्यातली झाडं पडली, कुजली, दबली, त्यांचा हा कोळसा झाला. मग वरून गाळ आला, त्याचं हे छत. हे एक झाड मात्र गाळात उभ्या उभ्या गाडलं गेलं. खोडाचा दगड झाला, सालीचा कोळसा. साल गुळगुळीत, त्यामुळे बुंधा छताला धरून नाही, नुसता अडकलाय. सुटेल तेव्हा कळणारही नाही."

"झाड आहे होय," सासरे घास चावत म्हणाले. "तरीच इथे सावली असते."

सगळे हसले. "खरंच गार वाटतं इथे," कोणीतरी म्हणालं.

"खांब तरी लावा."

"जेवण होऊ द्या, जावईबापू. उपाशीपोटी ठोकलेला खांब रुसतो."

जावयाने खाली पाहिलं. काळ्या भुकटीवर उजेडाचे कवडसे पडले होते आणि त्यांच्यामध्ये पानांच्या सावल्या हलत होत्या.

त्याने दिवा बंद केला. सावल्या हलतच राहिल्या.

सुरक्षेचे नियम तोंडपाठ असलेल्या त्या माणसाने टोपी काढून हातात घेतली.

वारा पडावा तशा सावल्या थांबल्या. मग विरत गेल्या.

"ऊन लागतंय हो," सासरे वैतागून म्हणाले, आणि मान चोळत, डबा उचलून पलीकडे सरकले. बाकीचेही सरकले. कसलं ऊन, हे कोणी विचारलं नाही.

बुंधा खाली आला.

सासऱ्यांची पाण्याची बाटली त्याच्याखाली राहिली.

संध्याकाळी सासूबाई त्यांच्या मानेला मलम लावत होत्या. "दिवसभर जमिनीखाली असता, मग एवढं भाजलं कुठे?"

"तुमच्या शास्त्रज्ञाला विचारा."

जावयाने वाकून पाहिलं. लालबुंद मानेवर मधेच एक न भाजलेली जागा होती, जिभेच्या आकाराची. तसलं एक पान त्याच्या टेबलावर होतं, दगडातलं.

त्या पानाचा देठ तुटलेला होता. याचा शाबूत होता.