रताळ्याच्या वावरातला आवाज

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्यावर बेतली ते दोघं नवरा-बायको आमच्याच गावात राहतात. पटली नाही तर सोडून द्या.

घडली हैतीच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, १९४१ साली. आणि रात्री-बित्री नाही...

भर दुपारी.

सिल्वेर आमच्या चर्चचा कारभारी. फादर खालच्या गावात राहायचे, अधूनमधून खेचरावर बसून वर यायचे. एरवी किल्ली आणि घंटेचा दोर सिल्वेरच्या हातात.

त्या वर्षी चर्चचं फर्मान निघालं. जुन्या देवांचं काहीही घरात ठेवणार नाही, अशी वेदीपुढे शपथ घ्यायची. नाही घेतली, तर बाप्तिस्मा नाही, मेल्यावर चर्चच्या आवारात माती नाही.

सगळ्यांनी घेतली. तेर्नेलियामावशी तेवढी अडली.

मावशी गावची सुईण. सिल्वेरलाही तिनेच या जगात ओढून आणलेलं.

"दर रविवारी पहिल्या बाकावर कोण असतं रे? मीच ना?" ती म्हणाली. "मरियामाता माझी, आणि आजीने दिलेले देवही माझेच. त्यांचं आपसात बरं चाललंय. तुम्ही मधे कशाला कडमडता?"

लोक हसले.

सिल्वेर हसला नाही. मावशीच्या पलंगाखाली देवांचे घट आहेत, हे त्यानेच फादरच्या कानावर घातलं.

शिपाई आले. घट फोडले, ढोल जाळला. त्या जाळात झोपडीही गेली. मावशीने त्यानंतर अन्नाला तोंड लावलं नाही. थोड्याच दिवसांत गेली.

तिची लेक इझ्मेनी सिल्वेरच्या दारात आली.

"दादा, आवारात जागा नको. घंटा तेवढी वाजव. घंटेशिवाय आईला वाट कशी सापडेल?"

"नियम माझा नाही, इझ्मेनी."

"दोर तर तुझ्याच हातात आहे ना?"

त्याने दार लावून घेतलं.

मावशीला रताळ्याच्या वावरात पुरलं. घंटेविना.

पुढच्या रविवारी सिल्वेरने दोर ओढला.

घंटा हलली. लोलक आपटताना सगळ्यांना दिसला...

आवाज नाही.

त्याने पुन्हा ओढला. अंगातला सगळा जोर लावून.

काहीच नाही.

आणि मग आवाज आला... वावरातून. जमिनीखालून.

मयताचे ठोके. संथ, एकेक.

सिल्वेरने दोर सोडला. ठोके थांबले नाहीत.

फादर आले, पवित्र पाणी शिंपडून गेले. घंटा मुकी ती मुकीच.

सिल्वेरची बायको आदेल्सी तेव्हा पोटुशी होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गावात सुईण उरली नव्हती. मावशीचं थोडंफार काम शिकलेली होती ती इझ्मेनीच. सिल्वेर तिच्याकडे धावला.

"आईची कात्री, दोरे, औषधं, सगळं जळालं," ती शांतपणे म्हणाली. "आता तुझ्या फादरला बोलाव."

तो तसाच परत फिरला. अंगणात आला आणि थबकला.

आत आदेल्सी कुणाशी तरी बोलत होती.

"होय मावशी... दम धरते... होय..."

त्याने दार ढकललं.

आदेल्सी एकटीच होती. शेजारी बाळ. पुसलेलं, गुंडाळलेलं, नाळ नीट बांधलेली.

"कोण होतं इथे?"

आदेल्सीचे डोळे कोरडे होते. "तू काय केलंस ते तिने मला सांगितलं. म्हणाली, सिल्वेरची घंटा परत देते. बदल्यात या पोरीचं एक काहीतरी न्यावं लागेल."

"काय नेलं?"

तिने बाळ त्याच्यापुढे धरलं.

पोर रडत होती. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या...

आवाज नाही.

आणि बाहेर, रताळ्याच्या वावरात, तान्हं मूल टाहो फोडून रडत होतं.

सिल्वेर चर्चकडे पळाला. दोराला लोंबकळून त्याने मावशीसाठी मयताचे ठोके दिले, हात सोलवटेपर्यंत. घंटा खणखणीत वाजली. पोरीचा आवाज काही परतला नाही.

पुढच्या वर्षी शपथ बंद झाली. नवे फादर म्हणाले, झालं गेलं विसरा.

आदेल्सी विसरली नाही. संध्याकाळी ती पोरीला घेऊन वावराच्या बांधावर बसते, लेकीचा आवाज ऐकायला. सिल्वेरला बरोबर येऊ देत नाही.

पोर आता चालते, धावते. वावरातला आवाजही तिच्याबरोबर वाढतोय. आधी नुसतं रडणं होतं. मग बोबडे बोल आले.

परवा मी तिथून जात होतो. पोर आदेल्सीशेजारी बांधावर उभी होती, ओठ हलत होते. शब्द मात्र जमिनीतून आले... स्पष्ट.

"बाबांना इथे मातीत पाठवा."

सिल्वेरला मी अजून सांगितलेलं नाही. पण कालपासून तो घराबाहेर पडलेला नाही, आणि आदेल्सी वावरात कुदळ घेऊन गेली आहे.