शेवटच्याची घंटी

“मागे बघू नकोस. मी आहे.”

हा आवाज माझ्या दादाचा.

माझे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचायचे, तेव्हाचा. तो मागून सीट धरून धावायचा. मी हँडल आवळून, डोळे समोर लावून ओरडायची, “दादा, सोडू नकोस हं!” आणि मागून ते दोन तुकडे यायचे. नेहमी दोन्ही. आधी धाक, मग धीर.

मागे बघू नकोस. मी आहे.

आता जे लिहितेय, त्यातलं काहीच मला सुचलेलं नाही. सुचलं असतं तर बरं झालं असतं. डोळ्यांदेखत घडलं, असंही म्हणवत नाही. डोळ्यांना काही दिसलंच नाही. कानांदेखत घडलं म्हणा.

आणि रात्र नव्हती. दुपार कलली होती, चांगला उजेड होता. फक्त धुकं होतं.

दादाचं आणि मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मिस्त्री म्हणजे दादाचा लहानपणापासूनचा मित्र. खरं नाव घरचे सोडून कुणी घेत नाही. आठवडाभर दोघं लोकांच्या सायकली सरळ करायचे आणि सुट्टी मिळाली की आपल्या घेऊन डोंगरात पळायचे.

दादाच्या हाताला एक खोड होती. फाटकी ट्यूब टाकायचा नाही. कात्रीने तिच्या लांब पट्ट्या करायचा आणि दिसेल ते बांधायचा. पंप, बाटली, दुकानाच्या शटरचा मोडका कान. गाठ मारून उरलेलं टोक वळवायचा आणि गाठीच्या पोटातच खुपसायचा.

वहिनी चिडवायची, “एक दिवस मलाही बांधून ठेवशील.”

“तुला कशाला? तू कुठे हरवतेस?” तो म्हणायचा.

हरवला तो.

ती वाट मी सांगणार नाही. झाडं जिथे संपतात, त्याच्याही खूप वर ती चालते. दिवसचे दिवस चालते. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला काहीच नाही. खिंड ओलांडली की उतार लागतो, एका सायकलपुरता. तिथे मान वळवली की हँडल वळतं, आणि हँडल वळलं की माणूस गेला.

म्हणून या वाटेवर चालवणाऱ्यांचा एक नियम आहे. धुकं असलं की वळणावर पुढचा एकदा घंटी वाजवतो. सगळ्यात मागचा दोनदा वाजवून उत्तर देतो. मधल्यांनी गप्प बसायचं. मागून दोन टोले आले, की सगळे आहेत. मागे बघायचं नाही.

दादा आणि मिस्त्रीने त्याचं गाणंच केलं होतं.

पुढचा वाट शोधतो,
मागचा पाठ राखतो,
मधला नुसताच धापा टाकतो!

मधली नेहमी मी.

तीन वर्षांपूर्वी मात्र ते दोघंच गेले होते. मिस्त्री पुढे, दादा मागे. खाली दगडी निवाऱ्यावर पोचला तो एकटा मिस्त्री. शोधायला आलेल्यांना त्याने सांगितलं, “घंटी खिंडीपाशीच थांबली.” त्यांनी खिंड पिंजून काढली. पलीकडचा घसारा, अलीकडची कपार, सगळं.

माणूस नाही. सायकल नाही. एक हातमोजासुद्धा नाही.

वहिनी रडली नाही. दुकानात दादाच्या स्टुलावर बसली आणि पंक्चर काढायला शिकली. एकदा चाकाच्या तारा आवळता आवळता मला म्हणाली, “जागा तरी कळायला हवी होती गं. कुठे बघून रडू मी?”

तेवढंच हवं होतं तिला. जागा.

म्हणून गेल्या मोसमाच्या शेवटी आम्ही निघालो. वहिनी, मी आणि मिस्त्री. तो यायला तयारच नव्हता. गुडघा दुखतो म्हणाला. दुकान कोण बघेल म्हणाला. शेवटी वहिनीने विचारलं, “भाऊजी, मी एकटी जाऊ का?” तेव्हा उठला आणि तिच्या सायकलचे ब्रेक तपासायला बसला.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन होतं. हवा इतकी विरळ, की दोन वाक्यं बोलली तरी दम लागावा. वहिनीने टोपी काढली, चारी बाजूंना बघितलं. इथेच म्हणत होते ना सगळे. पण तिचे डोळे कुठे टेकेनात.

“नाही वाटत गं इथलं,” ती हळूच म्हणाली. “इथे तो नाहीच.”

मिस्त्रीने हे ऐकलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली सोडून परत बांधायला लागला.

तेवढ्यात खालून धुकं आलं. चढून आलं म्हणा. आधी दरी गेली, मग वाट, मग आमची पुढची चाकं.

“मी शेवटी राहतो,” मिस्त्री म्हणाला.

“आणि वाट कोण दाखवणार? ही?” वहिनीने माझ्याकडे बोट केलं. “हिला दुकानातून घर सापडत नाही. शेवटची जागा त्याची होती. आज मी चालवते.”

“वहिनी, ऐका माझं…”

“भाऊजी, तीन वर्षं ऐकलंच.”

तो माझ्याकडे वळला. मला म्हणाला, “बारके, कान उघडे ठेव.” बारके म्हणून दादाच मला हाक मारायचा. मिस्त्रीने कधीच मारली नव्हती.

निघालो.

पहिलं वळण. पुढून मिस्त्रीची घंटी… एक टोला. मागून वहिनीचे दोन.

दुसरं वळण. एक. दोन.

खडी चाकाखाली करकरत होती. ब्रेक रडत होते. समोर मिस्त्रीची लाल पिशवी दिसायची, विझायची, परत दिसायची. मागे वहिनीचा खोकला. तिला थंडीत खोकला होतोच.

पुढे वाटेची एक अरुंद पट्टी लागली. दगड सुटे. तिथे माझं चाक सरकलं. कशीबशी सावरले.

पुढून एक टोला.

मागून…

काहीच नाही.

मी ब्रेक दाबायला बोटं वळवली. आणि तेवढ्यात आले. दोन टोले. स्वच्छ, सावकाश.

हुश्श केलं मी.

आता वाटतं, तेव्हाच थांबायला हवं होतं. कारण त्यानंतर खोकला आला नाही. एकदाही नाही. फक्त घंटी. प्रत्येक वळणाला, बरोबर दोन. चुकली नाही, लांबली नाही.

उलट… जवळ येत गेली.

इतकी जवळ, की मी म्हटलं, “वहिनी, अंतर ठेव गं, आपटशील.”

उत्तर नाही.

मग मला जाणवलं, की मागे चाकाचा आवाज नाही. खडी करकरत नाही. ब्रेक रडत नाही. फ्रीव्हीलची किरकिरसुद्धा नाही. माझ्या मागे सायकलच नव्हती.

फक्त घंटी होती.

मान वळणारच होती… आणि सीटला मागून हात लागला.

खोटं नाही सांगत. हलकेच धरलं कुणीतरी. सीटच्या खाली, मागच्या बाजूला, जिथे दादा धरायचा तिथे. सायकल एकदम स्थिर झाली. दगडांवरून लोण्यासारखी जायला लागली.

आणि माझी भीती पळाली हो. डोळे भरून आले. वाटलं, आला. माझा दादा आला. तीन वर्षं या उघड्या डोंगरात एकटा होता, आज आपली माणसं बघून आला. बारकी पडेल म्हणून आला.

“दादा?” मी म्हटलं.

कानाशी आवाज आला. त्याचाच. तोच धाक, तीच घोगरी कड.

“मागे बघू नकोस.”

मी वाट बघत राहिले. पुढचा तुकडा यायचा होता…

तो आलाच नाही.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. सीटवरचा हात तसाच. पुढचे दोन शब्द मात्र नाहीत.

निवाऱ्याचं छप्पर दिसलं तसा हात सुटला. मिस्त्री आधीच उतरला होता. सायकल भिंतीला टेकवून दाराशी उभा होता. मी घाईने आत शिरले, पाठीवरची पिशवी टाकली. बोटं बधिर होती. बाहेर, अगदी उंबऱ्याला लागून, घंटी वाजली.

दोन टोले.

मी दार पूर्ण उघडलं आणि आपण घरी म्हणतो तसं, सहज म्हणाले, “ये ना आत, वहिनी.”

“बोलावू नकोस!”

मिस्त्री इतका ओरडला, की भिंतीवरची माती पडली. मला त्याने खांद्याला धरून मागे ओढलं.

“अरे, वहिनी आहे ती!”

“नाहीये. बाहेर बघ.”

मी बघितलं. वाटेवर दोन सायकलींच्या चाकांच्या रेघा. त्याची आणि माझी.

तिसरी नव्हती.

तोवर तो दोर घेऊन उलटा पळायलाही लागला होता. चुकामूक झाली असेल, पंक्चर झालं असेल, यातलं काही एक म्हणाला नाही. जणू त्याला ठाऊकच होतं. मी मागून धावत विचारलं, “घंटी वाजवू का रे? तिला कळेल.”

“घंटी नाही. हाका मार. नुसत्या हाका.”

त्या चढावर छाती फुटायची वेळ आली. दोन पावलं चाला, थांबा, ओरडा, ऐका. वहिनी… वहिनी… धुकं सगळं गिळून टाकत होतं.

आणि मग, त्या अरुंद पट्टीखालून, खोकला.

मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही.

वहिनी पट्टीच्या खाली, कड्याच्या एका कपारीत अडकली होती. वरून दिसणारच नाही अशी जागा. सायकल खाली गेली होती. पाय घोट्यात मोडला होता. ओठ निळे पडले होते. मिस्त्री दोराने उतरला, मागोमाग मी. तिला माझं जाकीट घातलं. तळहात चोळले.

“मी किती ओरडले गं,” ती म्हणाली. “पडले तेव्हाच ओरडले. तुम्ही जवळच होतात, तुझे ब्रेक ऐकू येत होते मला. थांबला का नाहीत?”

“घंटी येत होती, वहिनी. तुझी घंटी.”

तिने मूठ उघडली. तिच्या घंटीची वरची वाटी हातात होती. पडताना तुटलेली.

“मीही ऐकली,” ती म्हणाली. “तुमच्या बाजूने. मला वाटलं, तुम्हीच वाजवताय. म्हटलं, या दोघांना थट्टा सुचतेय की काय.”

मिस्त्रीचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तो तिच्या पलीकडे बघत होता.

कपारीत आत एक दगड होता, वर आलेल्या बोटासारखा. त्याला काळी रबराची पट्टी बांधलेली. ऊन खाऊन तडकलेली. एक टोक वाऱ्यावर फडफडावं म्हणून लांब सोडलेलं. कुणाला तरी दिसावं म्हणून.

दुसरं टोक वळवून गाठीच्या पोटात खुपसलेलं.

दगडाखाली, दरीच्या बाजूला, कपार सरळ तुटत होती. त्या रबरी पट्टीच्या पलीकडे त्याचं काहीच उरलं नव्हतं.

वहिनीने ती गाठ बोटांनी चाचपली. खूप वेळ. पंक्चर शोधताना ट्यूब चाचपतात तशी. मग पदर नाही, रुमाल नाही, माझ्या जाकिटाची बाही तोंडावर घेतली आणि तीन वर्षांचं एकदम रडली.

तिला जागा मिळाली.

पाय आता जुळलाय तिचा. दुकान चालवते. मी सायकल सोडली. लोकांना सांगते, वेळ मिळत नाही. खरं सांगायचं तर, मला त्या हाताचं कोडं सुटत नाही. त्याने मला पडू दिलं नाही, हे खरं. पण त्यानेच मला थांबू दिलं नाही, हेही खरं. आणि दार उघडून मी “ये ना आत” म्हणून बसले होते… मिस्त्री ओरडला, पण माझे शब्द तोंडातून गेले होते. घरी जिना चढताना कधीकधी मागच्या पायरीवर बारीक आवाज होतो. दोनदा. मी मागे बघत नाही.

दादा असता तर मी घाबरले नसते. दादाच असेल, असं मी मनाला अजूनही समजावलं असतं. पण त्या कपारीत, वहिनी शांत झाल्यावर, मिस्त्री जे बोलला त्यानंतर तेही जमत नाही.

वहिनीने डोळे पुसले. गाठीवरचा हात न काढता विचारलं, “भाऊजी, तो इथे बसला होता. जिवंत होता. गाठ मारण्याएवढा तरी जिवंत होता. तुम्ही सगळ्यांना खिंडीत शोधायला लावलंत. घंटी खिंडीतच थांबली म्हणालात.”

मिस्त्री खाली बसला. चेहरा असा, की तीन वर्षं तोंडात धरलेला दगड आता काढतोय.

“थांबली नव्हती, वहिनी. कुणाला सांगणार होतो मी? कुणी ऐकलं असतं? प्रत्येक वळणाला येत होती. एकदाही चुकली नाही. तो इथे हाका मारत बसला असेल आणि मी पुढे शीळ घालत चाललो होतो, कारण मागून दोन टोले येत होते. पार निवाऱ्यापर्यंत आले. उंबऱ्यापर्यंत आले.”

त्याने वर बघितलं. वर, धुक्यात, वाटेच्या बाजूला.

“मी दार उघडून धरलं, वहिनी. आणि म्हणालो, ये रे आत.”