गोमुखापाशी थांबलेला कॅमेरा

ही हकिकत खरी आहे. ज्या हातांनी मी रोज देवापुढे निरांजन लावते, त्या हातांनी यात तिखटमीठ घालणार नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

ठिकाण चंदीगड. महिना पौष. आणि वेळ... दुपारची.

त्या दिवशी सेक्टर चौतीसमध्ये भरदुपारी धुकं उतरलं होतं. समोरच्या कोचिंग क्लासची भलीमोठी पाटीसुद्धा दिसत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कंपनीत रागिणी कॉम्प्युटरपुढे बसली होती. सासूबाईंना जाऊन अजून महिना झाला नव्हता.

शेजारच्या टेबलावरून निशांतने हळूच विचारलं, "रागिणी, सासूमाँ का अकाउंट किसी को दिया है क्या?"

"नहीं. क्यों?"

"कुछ नहीं... ऑनलाइन दिखा रहा है."

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

रागिणीची कंपनी एक आभासी गाव चालवायची. कॉम्प्युटरवर बनवलेलं गाव. त्यात बाजार, नदी, घाट आणि घाटावर महादेवाचं देऊळ. आपण आपल्यासाठी एक बाहुली निवडायची आणि फोनवर नाहीतर टॅबवर बोट फिरवून तिला गावभर हिंडवायचं. ही बाहुली आपल्याला पाठमोरी दिसते, कारण तिच्या मागे चार हातांवर एक न दिसणारा कॅमेरा तरंगत असतो. बाहुली वळली की कॅमेराही गर्रकन फिरून पुन्हा तिच्या पाठीमागे जातो. तो भिंतीत अडकू नये, माणसाला गरगरू नये, हे बघणं रागिणीचं काम. हुशार होती, त्यात वाद नाही.

तिच्या सासूबाई सुमनताई कऱ्हाडकडच्या. लेक परीक्षितला डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून त्याच्यामागून एवढ्या लांब आल्या. गुडघे गेलेले, त्यात मधुमेहाच्या गोळ्या. जिने उतरायची चोरी. देवळात जाणं सुटलं याचंच त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. म्हणून रागिणीनेच हौसेने टॅब हातात दिला. म्हणाली, "आई, हे घ्या तुमचं देऊळ."

सुमनताईंनी नऊवारीतली बाहुली निवडली. आणि संकल्प सोडला. महाशिवरात्रीपर्यंत रोज दुपारी महादेवाला प्रदक्षिणा.

महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, हे आपल्या बायकांना सांगायला नको. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, त्या गोमुखापर्यंत जायचं आणि तिथूनच मागे वळायचं. ते पाणी ओलांडायचं नाही.

सुमनताईंची बाहुली बरोबर तिथे थांबायची. बरोबर वळायची.

पण ती वळली की कॅमेरा तिच्या पाठीमागे जायचा. आणि पाठीमागे काय होतं? गोमुख. कॅमेरा त्याच्यावरून सरळ पलीकडे जायचा.

"अगं रागिणी," त्या एकदा म्हणाल्या, "माझे पाय अलीकडेच राहतात गं. पण डोळे पलीकडे जातात."

रागिणी हसली. "आई, तो कॅमेरा आहे. त्याला कुठलं आलंय पाप?"

"बघते ती मीच ना?"

"बरं, करते काहीतरी. या आठवड्यात जरा गडबड आहे."

पुढच्या आठवड्यातही गडबड होती. त्याच्या पुढच्याही.

त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या नाहीत. चहा देताना एखाद्या वेळी म्हणायच्या, "झालं का गं ते?" आणि रागिणी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणायची, "उद्या पक्का."

एकदा तर तिने ऑफिसात चहाच्या वेळी हा किस्सा रंगवून सांगितला. सासूबाईंच्या आवाजाची नक्कल करून. निशांत हसता हसता म्हणाला, "सासूमाँ को बोल, आँखें बंद करके मुड़ जाया करें." सगळे खो खो हसले. रागिणी सगळ्यात जास्त.

पौषात एका दुपारी सुमनताई खुर्चीतच कोसळल्या. टॅब मांडीवर होता. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नेलं. साखर पार खाली गेली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी रागिणीलाच विचारलं, "माताजी दोपहर में खाना नहीं खातीं?"

"खाती हैं. मैं डब्बा रखकर जाती हूँ."

डबा तर रोज संध्याकाळी घासूनपुसून पालथा घातलेला असायचा.

सुमनताई परत घरी आल्या नाहीत.

बाराव्याला आलेली नणंद ओजस्विनी पुण्याला परतली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"वहिनी, आई दुपारचं जेवत नव्हती. तुला माहीत होतं?"

"नाही गं. डबा तर..."

"डबा गेटवरच्या चौकीदाराला वर बोलावून द्यायची ती. ज्या दिवशी डोळे पलीकडे गेले, त्या दिवशीची प्रदक्षिणा मोडली. मोडली की प्रायश्चित्त म्हणून दुपारचं अन्न सोडायचं. नुसतं पाणी. डोळे तर रोजच जायचे ना, वहिनी."

रागिणीने ओट्यावरच्या पालथ्या डब्याकडे बघितलं.

"मी म्हटलं होतं, वहिनीला सांग. तर म्हणाली, ती दमून येते गं, तिच्यामागे कशाला लकडा लावू. मलाही वाटलं, सोडेल चार दिवसांत. दादाला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग."

रागिणीने सांगितलं नाही. परीक्षित रोज डेराबस्सीहून यायचा, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा आणि म्हणायचा, "एवढी साखर उतरलीच कशी, हेच कळत नाही गं."

ती म्हणायची, "वय झालं होतं."

आणि आता, त्या धुक्याच्या दुपारी, सुमनताईंचं अकाउंट चालू होतं.

रागिणीने परीक्षितला फोन लावला. तो सर्दीतापाने घरीच होता.

"आईंचा टॅब कुठे आहे रे?"

"कपाटात. का?"

"बघ ना जरा. चालू आहे का?"

कपाट उघडल्याचा आवाज आला.

"बंद आहे. चार्जिंगच नाहीये. काय झालं?"

"काही नाही... नंतर सांगते."

तिने कानाला हेडफोन लावला आणि सुमनताईंची बाहुली जे बघते, ते आपल्या पडद्यावर घेतलं.

देऊळ. घाट. नंदीपाशी नऊवारीतली पाठमोरी बाहुली.

ती चालायला लागली. हळू... गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी. बाहुल्या तशा चालत नाहीत. सगळ्या एकाच चालीने चालतात.

गोमुखापाशी आली. थांबली.

वळली.

कॅमेरा गर्रकन फिरून पलीकडे गेला.

हेडफोनमध्ये कुणीतरी अगदी जवळून पुटपुटलं... "शिव शिव."

मग एक आवाज. घोट... घोट... पाणी प्यायल्याचा.

त्या गावात आवाज दोनच ठेवले होते. देवळाची घंटा आणि कबुतरं.

बाहुली नंदीपाशी परत गेली. पुन्हा निघाली. पुन्हा गोमुख. पुन्हा कॅमेरा पलीकडे.

"शिव शिव..."

घोट... घोट...

पुन्हा.

पुन्हा.

निशांतने दुसरा हेडफोन कानाला लावला होता. त्याचा चेहरा उतरला. "ये ज़रा रुक नहीं सकतीं?"

"नहीं," रागिणी म्हणाली. "उनकी प्रदक्षिणा गिनी ही नहीं जा रही."

तिने कॅमेऱ्याचं काम उघडलं. फार काही नव्हतंच. गोमुखापाशी बाहुली वळली, तर कॅमेऱ्याने मागे जायचं नाही. अलीकडेच थांबायचं. बाहुलीला आपल्याकडे तोंड करून चालत येऊ दे, आपण उलट्या पावलांनी मागे सरायचं. बस्स. चहा गार व्हायच्या आत संपलं.

अर्ध्या तासाचंसुद्धा काम नव्हतं ते.

तिने तो बदल गावात चढवला.

बाहुली गोमुखापाशी आली. थांबली.

वळली...

कॅमेरा हलला नाही.

आणि बाहुलीचा चेहरा पहिल्यांदा दिसला. तसा तो तयार चेहरा. नऊवारीतल्या सगळ्या बाहुल्यांना तोच. पण हिचे ओठ कोरडे पडले होते. गाल आत गेले होते.

ती पडद्यातून सरळ रागिणीकडे बघत पुढे आली. राग नव्हता त्या नजरेत. असता तर बरं झालं असतं, असं रागिणी मला म्हणाली.

नंदीपाशी येऊन बाहुलीने हात जोडले. हेडफोनमध्ये काहीच वाजलं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

पडद्यावरचं सुमनताईंचं नाव विझलं.

"गईं?" निशांतने विचारलं.

रागिणीने मान डोलावली. त्याला त्या दिवसाचा किस्सा आठवला असावा. तो तिच्याकडे न बघताच उठून गेला.

तिला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी तिने कामासाठी आपली स्वतःची बाहुली उघडली. बाजारात होती ती. देवळापासून बरीच लांब.

कॅमेरा तिच्या पाठीमागे नव्हता.

समोर होता.

तिने बाहुली वळवली. कॅमेरा फिरून पुन्हा समोर आला. घाटावर नेली, रस्त्यावर नेली... समोरच. निशांतने कालचा बदल काढून पाहिला, सगळं जुनं करून पाहिलं. बाकी सगळ्यांचे कॅमेरे मुकाट्याने पाठीमागे होते.

आणि रागिणीच्या बाहुलीने मान खाली घातली होती.

बाहुल्या धावतात, बसतात, हात जोडतात. मान खाली घालायची हालचाल त्या कंपनीत कुणी बनवलेलीच नाही.

सुमनताईंचं अकाउंट अजून रोज दुपारी चालू होतं. एक प्रदक्षिणा नीट होते, हात जोडले जातात, नाव विझतं. त्यांचं आता काही अडत नाही.

अडलंय ते रागिणीचं. तिच्या बाहुलीसमोरचा कॅमेरा रोज थोडा जवळ येतो. आधी पूर्ण बाहुली दिसायची. मग कमरेपर्यंत. परवा नुसता चेहरा उरला होता.

मी तिला म्हटलं, "अगं, परीक्षितला सांगून टाक एकदाचं."

"सांगणार आहे," ती म्हणाली. "या आठवड्यात जरा..."

आणि बोलता बोलता थांबली. कुणीतरी समोर येऊन उभं राहावं, तशी तिने मान खाली घातली.

आम्ही दोघीच होतो त्या खोलीत.