हिरव्या पिकअपची तहान

कोऱ्या करकरीत गाडीचं बॉनेट भर रस्त्यात उघडं टाकून, नरसाळं लावून तेल ओतत बसणारी पीस नदीच्या अख्ख्या खोऱ्यात एकटी सोलांजच असेल. त्यामुळे मागून येणारी गाडी थांबली तेव्हा तिला आधी लाजच वाटली.

"काही मदत?" उतरलेल्या तरुणाने विचारलं. उंच, हातांवर काळे डाग, आणि डोळ्यांत आधीपासूनच हसू.

"नको. सवय आहे मला."

"तुम्हाला आहे, ते दिसतंय. पण हिला ही सवय कधी लागली?"

"पहिल्या दिवसापासून. दर महिन्याला डबाभर पिते बया."

त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. गाडी येऊन सहा-सात महिने झाले होते, तरी सीटवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. तो नुसता त्या प्लास्टिककडे बघत राहिला, आणि तेच तिला खुपलं.

"काय झालं?"

"काही नाही... आत बूट घालून बसू देता ना?"

सोलांज चिडली. मग पाठ वळवून, त्याला दिसणार नाही अशा बेताने, हसली.

पुढच्या आठवड्यात ती गावातल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली, तर तोच तिथे उभा. मायरन क्रावचुक, नवा मेकॅनिक. काउंटरवरच्या इर्माबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि स्वतःची कॉफी जवळ ओढली. आज त्यांची करमणूक होणार होती.

"तेल भरायचं, तेल मोजायच्या पट्टीवर रंगाची रेघ मारायची, झाकण सील करायचं," मायरन सांगू लागला. "दीड हजार किलोमीटर फिरवून परत आणा. तेल उतरलं तर एकतर इंजिन उघडायचं. नाहीतर कंपनी ही परत घेईल आणि दुसरी देईल."

"दुसरी नको मला!"

आवाज इतका चढला की स्वतः सोलांजच दचकली. मायरनने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पपांनी मागवलीये ही," ती हळूच म्हणाली. "रंग, मागचा हुक, सगळं त्यांनी निवडलं होतं. मधपेट्या ओढायला... आणि गाडी दारात आली ती त्यांच्या अंत्यविधीनंतर. त्यांनी तिचं दारसुद्धा उघडलं नाही हो."

मायरनने "वाईट झालं" असं म्हटलं नाही. "मग ही परत जाणार नाही, ते मी बघतो," एवढंच म्हणाला. त्या एका वाक्याबद्दल तिला त्याचे किती उपकार वाटले, ते तिने त्याला सांगितलं नाही.

पहिली फेरी संपली. तेल रेघेच्या खूप खाली गेलं होतं.

"कुठे कुठे नेलीत हिला?" मायरनने विचारलं.

"चर्चला. पोस्टात... परत चर्चला. लांबच्या रस्त्याने."

"आणि हिवाळ्यात?"

"रोज सकाळी अंगणात तासभर चालू ठेवायचे. गारठू नये म्हणून."

"मधपेट्या कोण ओढतं?"

"शेजारच्या लुसियनकाकांची जुनी गाडी. हिला ओरखडे पडतील ना!"

मायरन एकदम हसला, पण मायेने. "सोलांज, अगं नव्या डिझेल इंजिनाला ओझं लागतं. आतल्या रिंगा जोर पडल्याशिवाय घट्ट बसत नाहीत, मग फटीतून तेल जळत राहतं. तू हिला पाहुणीसारखं ठेवलंस. ही तर कामाला आलीये."

तो 'तू' म्हणाला, हे दोघांनाही उशिरा कळलं. इर्माबाईंना मात्र तेव्हाच कळलं होतं.

"पपा असते तर मला ओरडले असते," ती पुटपुटली.

"मी ओरडू का त्यांच्याऐवजी?"

"हिंमत असेल तर ओरड."

मायरनने मॅनेजरला गळ घालून आणखी एक फेरी मिळवली आणि तेल पुन्हा रेघेपर्यंत भरलं. सुट्टीच्या दिवशी पहाटे तो स्वतःच तिच्या शेतावर हजर झाला, तोही मधमाश्यांचा पांढरा पोशाख उलटा घालून. सोलांज पोट धरून हसली. पपा गेल्यानंतर एवढी ती हसलीच नव्हती. मधपेट्या ट्रेलरवर चढवताना एक पेटी सटकली आणि हिरव्या दारावर हातभर ओरखडा उठला.

मायरनचा चेहरा पडला. "सोलांज... मी..."

तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं. "असू दे. पपांच्या प्रत्येक गाडीला असा एक असायचाच."

नदीवरून वर येणारा लांबलचक चढ. मागे भरलेला ट्रेलर. इंजिन घुमायला लागलं तसा तिचा पाय सवयीने सैल पडला.

"पाय काढू नकोस," मायरन शेजारून म्हणाला.

"हिला त्रास होतोय!"

"नाही गं. ऐक तरी."

तिने ऐकलं. गाडी कण्हत नव्हती, दणक्यात ओढत होती. माथ्यावर पोचले तेव्हा खाली मोहरीसारख्या कनोलाची शेतं नुकती पिवळी होऊ लागली होती आणि सोलांजच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मायरनने खिशातलं फडकं पुढे केलं. फडक्याला डिझेलचा वास येत होता. तिने त्यानेच डोळे पुसले.

मग गाडी उन्हाळाभर ओझी ओढत राहिली. पेट्या, मधाची पिंपं, लुसियनकाकांचं गवतसुद्धा. किलोमीटर भराभर संपत होते आणि ते संपत आले तशी सोलांजला हुरहूर लागली.

शेवटी वर्कशॉप. मायरनने पट्टी काढली, पुसली, परत बुडवून वर काढली. तेल बरोबर रेघेवर होतं.

"अभिनंदन," तो म्हणाला, पण आवाजात आनंद नव्हता. "गाडी तुझीच राहिली. आता इथे यायचं... काही कारण उरलं नाही."

"अरे, थोडं खोटं बोलायला शिक रे!" काउंटरवरून इर्माबाई ओरडल्या.

सोलांज पट्टीकडेच बघत होती. "रस्ताभर देवाला सांगत होते, तेल रेघेवरच असू दे. आणि मध्येच सांगत होते, थोडंसं खाली असू दे... म्हणजे तुझ्याकडे परत यावं लागेल."

मायरनचे कान लाल झाले. "मी तर रात्री तुझं सील फोडून तेल काढून घ्यायच्या विचारात होतो."

"मग? का नाही काढलंस?"

"ती तुझ्या पपांची गाडी आहे."

ती गाडीपाशी गेली आणि चालकाच्या सीटवरचं प्लास्टिक तिने टर्रकन फाडून काढलं. मग किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. गाडी दारात आल्यापासून तिच्याशिवाय त्या स्टिअरिंगला कोणी हात लावला नव्हता, हे मायरनला ठाऊक होतं.

"पलीकडच्या काठावरून पेट्या आणायच्यात," ती म्हणाली. "तू चालव."

तो जपून, अगदी हळू बसला. ती शेजारी बसली आणि खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या ओरखड्यावर ठेवत म्हणाली, "थँक यू."

"कशाबद्दल गं?"

"ते पपांना होतं," सोलांज म्हणाली, आणि वाकून तिने त्याच्या गालावर ओठ टेकवले. "हे तुला."