बावळट पक्ष्यांचं बेट

कुक्सहाफेन बंदरातून निघालेलं जहाज खुल्या समुद्रात आलं आणि उल्काच्या पोटात कालवाकालव सुरू झाली. तिनं कठडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि ती पुटपुटली, "आई गं..."

"त्या बाजूला नको. वारा उलटा आहे, सगळं अंगावर येईल. इकडे या."

चक्क मराठी. उल्कानं डोळे उघडले. उंच, किरकोळ अंगाचा तरुण, गळ्यात भलीमोठी दुर्बीण. ती कृतज्ञतेनं काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट... जरा खाली वाका. तुमच्या मागून गॅनेट चाललाय."

ती वाकली, पण त्याच्या पक्ष्यासाठी नव्हे. पोटातलं सगळं समुद्रात गेल्यावर तिनं तोंड पुसलं, तेव्हा तो आनंदानं सांगत होता, "मस्त दिसला. थँक यू हं."

दोन हजार सहाच्या जूनमधली ती शनिवारची सकाळ होती. फुटबॉल वर्ल्डकपच्या भोंग्यांनी अख्खं स्टुटगार्ट दणाणत होतं. उल्का तिथून जवळच्या बॉबलिंगेनला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होती. मैत्रीण मीनलनं हट्टानं दोघींचं हेल्गोलँड बेटाचं बुकिंग केलं, आणि निघायच्या दिवशी तीच तापानं झोपली. म्हणून जर्मनीच्या पार उत्तरेला, पक्षी बघायच्या सहलीत, उल्का एकटी.

म्हणजे, एकटी राहू दिलं असतं तर.

त्याचं नाव सत्यजित. बेटाजवळ सगळ्यांना जहाजातून छोट्या उघड्या होडीत उतरवत होते, तेव्हाही हा मधेच थांबून आकाशात बघत राहिला. मागे अडकलेल्या उल्काच्या अंगावर लाट आली आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली. दुपारी वाळूवरचे सील दाखवताना त्यानं तिला तीनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा तर ती बोललीही नव्हती, नुसती शिंकली होती.

संध्याकाळी ती मुद्दाम वेगळ्या वाटेनं कड्याकडे गेली. तिथं तिपाईवर मोठी दुर्बीण लावून तोच बसलेला.

"बसा. आज उडी मारतील," तो म्हणाला.

"कोण?"

"ट्रोटेललुमे पक्ष्यांची पिल्लं. तीन आठवड्यांची असतात, उडता येत नाही. बाप खालून समुद्रातून हाका मारतो आणि ती चाळीस मीटरवरून स्वतःला झोकून देतात."

"ट्रोटेल म्हणजे बावळट ना?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"तरीच तुमचं जमतं," उल्का म्हणाली. तो हसला. हसताना बरा दिसत होता, याचाही तिला राग आला.

साडेनऊ वाजले तरी उजेड होता. लाल खडकावर हजारो काळे-पांढरे पक्षी दाटीनं उभे होते, मासळीचा उग्र वास वाऱ्याबरोबर येत होता... आणि कुणीही उडी मारत नव्हतं. बोलता बोलता कळलं, की तोही बॉबलिंगेनलाच नोकरीला. रोज सकाळी सात वाजून बारा मिनिटांची एस-बान लोकल.

"तीच माझी गाडी. फायहिंगेनला चढते मी. दोन वर्षं झाली," उल्का म्हणाली. "तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"मी खिडकीशी असतो. रोर स्टेशनच्या पुढे शेतावर ससाणा दिसतो."

"दोन वर्षं ससाणा बघताय?"

"ससाणे दोन आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

तिनं कपाळाला हात लावला.

मग त्यानं सांगितलं, की हे त्याचं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी धुकं होतं, दुसऱ्या वर्षी वाऱ्यामुळे जहाज सुटलंच नाही. आणि आता महिनाअखेर काँट्रॅक्ट संपत होतं. "मग पुणे. आज शेवटची संधी. तुम्ही यातून बघा ना... थांबा, तुमच्या उंचीला करतो."

तो तिपाईचा स्क्रू सैल करायला खाली वाकला. त्याच क्षणी आसपासच्या माणसांनी श्वास रोखला. एक करडा गोळा कड्यावरून सुटला, हवेत इवले पंख फडफडवत खाली आला, दगडावर आपटून उसळला... आणि उठून पाण्याकडे धावत सुटला.

"काय झालं?" सत्यजितनं वर पाहिलं.

"अहो, मारली की उडी. पिल्लानं. आत्ता."

तो उभा राहिला. पुढचा पाऊण तास एकही पिल्लू हललं नाही. मग समुद्रावरून धुकं चढलं, कडा दिसेनासा झाला, लोक पांगले. तो दुर्बीण पिशवीत भरू लागला. उल्काला रडायलाच यायला लागलं.

"कुणी सांगितलं होतं माझ्या उंचीचं? तीन वर्षं थांबलास ना तू? मग वर बघायचं सोडून माझ्यासाठी कशाला वाकलास?"

"'तू' म्हणालीस मला."

"विषय बदलू नकोस."

"बरं. कसं पडलं ते सांग."

तिनं सांगितलं. हातवारे करून, पंख कसे फडफडले ते दाखवून. समोर धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि तो दुर्बीण न लावता तिच्याकडे बघत होता. ती अडखळली.

"पुढच्या वर्षी दोघांनी येऊ," तो हळूच म्हणाला.

"पुण्याहून?"

त्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवायचं पत्र होतं. सोमवारी द्यायचं होतं, सही नव्हती.

"दोन आठवडे घेऊन हिंडतोय. आई म्हणते परत ये. थांबायचं तर तिला कारण सांगायला हवं, आणि... ते नव्हतं."

"नव्हतं म्हणे," उल्का म्हणाली. "दोन मैलांवरचा पक्षी शेपटीवरून ओळखतोस. एका गाडीत दोन वर्षं होते मी."

"चुकलंच. आता आहे कारण. सांगू आईला?"

तिचे कान तापले. तिनं पर्समधून पेन काढून त्याच्या हातात कोंबलं.

"आधी सही कर."

"कशावर ठेवून?"

ती वैतागून वळली आणि पाठ पुढे केली. कागद पाठीवर आला. पातळ जॅकेटमधून पेनाचं टोक तिला जाणवत होतं. एकेक अक्षर, मग रेघ. रेघ संपली. हात तिथंच होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं... सावकाश कर."