सेव्ह न झालेली फाइल

पटो न पटो, हे माझ्याच घरात घडलंय. तेही भर दुपारी.

ऑफिसने मला आधीच्या माणसाचा लॅपटॉप दिला. तो माणूस वारला होता. कसा, ते कुणी बोलत नव्हतं आणि मलाही नसत्या चौकशा करायची हौस नाही.

त्याने एक सोय मात्र झकास करून ठेवली होती. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'उघड' लिहायचं, पुढे प्रोजेक्टचं नाव. एंटर मारलं की कोडच्या सगळ्या फाइल्स एडिटरमध्ये हजर. नाव नाही टाकलं, तर आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत, तीच जागा उघडायची.

ऑफिसात शेजारी बसणारी टेस्टर म्हणाली, "नाव टाकूनच उघड. नुसतं उघडलेलं त्याला खपायचं नाही."

"तो आता माझं काय वाकडं करणार?" मी म्हणालो.

त्या दुपारी मी घरून काम करत होतो. बायको आत भांडी घासत गुणगुणत होती. घाईत मी नाव न टाकताच एंटर मारलं.

एडिटर उघडला... प्रोजेक्ट माझा नव्हता.

डावीकडे चारच फाइल्स. पंखा. नळ. ती. तू.

कुणाचा तरी आगाऊपणा, दुसरं काय. मी वैतागलो.

तेवढ्यात 'पंखा' ही फाइल आपोआप नाहीशी झाली...

डोक्यावरचा पंखा थांबला.

मग 'नळ' गेली. आतून बायको म्हणाली, "पाणी गेलं वाटतं."

एडिटर बंद होईना.

मग 'ती'...

गुणगुणणं मध्येच तुटलं.

मी धावलो. स्वयंपाकघरात कुणी नाही. ताटलीवरून फेस ओघळत होता. मागच्या दाराची कडी आतून लावलेली.

परत येऊन अंडू, म्हणजे झालेलं मागे फिरवायचं बटण, दाबलं. 'ती' परत आली आणि आत भांडं वाजलं.

बायको तिथेच उभी होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

मी रडलो. मग फाइल सेव्ह करायला गेलो.

'तुम्हाला परवानगी नाही.'

पुन्हा केलं. तेच.

तेव्हापासून लॅपटॉप चालूच आहे, तोही प्लगवर, कारण बॅटरी कधीच मेलीय. बंद केला, तर न सेव्ह झालेलं जाणार, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बायकोला मात्र मी काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय?

काल आंघोळ करून आलो, तर तिचा हात प्लगवर...

"किती तापलाय. काढते एकदाचा," ती म्हणाली.

मी इतका ओरडलो की ती रुसून बसली आहे.

बसू दे. निदान डोळ्यांसमोर तरी आहे.