दारापासून लावलेला पिवळा

टक्...

भिंतीच्या रंगाचा एक पापुद्रा सुटून स्टीलच्या ताटात पडला.

एवढाच आवाज. लाइन गेलेली, पंखा बंद, आणि पिहू भाताचा घास तोंडात धरून गप्प बसलेली.

विश्वास ठेवा म्हणून मी आग्रह करणार नाही. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झालं. रात्रही नव्हती. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली भरदुपार होती. आत्ता पिहू झोपली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

आम्ही तेव्हा भामरागडला भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. पिहूचे बाबा, प्रणित, टॉवरच्या कामाला आलापल्लीला गेले आणि मागे पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला. रस्ता बंद. फोन बंद. घरात मी आणि माझी चार वर्षांची लेक.

खोलीला गडद निळा रंग होता. खिडकी एकच, तीही लहान. दुपारीसुद्धा विहिरीत बसल्यासारखं वाटायचं.

पिहू दिवसभर एकच म्हणायची, "आई, मले इथी नाई गमत."

मी मोबाईलवर पाहिलं होतं. अंधाऱ्या खोलीत गडद निळा मन आणखी दाबतो. पिवळा लावला की लेकरं खुलतात. डबा आणि ब्रश आणून ठेवलेलेच होते. तो पापुद्रा ताटात पडला आणि मी पदर खोचला.

शेजारच्या मंगलीबाईनं पिहूला आपल्या ओसरीत बसवून घेतलं.

दारापाशी उजेड बरा होता. म्हणून मी दारापासून सुरुवात केली. मग आत, आणखी आत. शेवटचा हात मागच्या कोपऱ्यात मारला.

संध्याकाळी खोली उजळून निघाली. पिहू आत आली, चारही भिंतींकडे पाहिलं, आणि हसली.

"आता गमते."

मी तिचा मुका घेतला. किती दिवसांनी हसलं होतं माझं बाळ.

पण दुसऱ्या दिवशी ती ओसरीत यायला तयार होईना.

"चल ना पिलू, मंगलीबाईची कोंबडी पाहू."

"नाई. इथी गमते."

बाबा कधी येतील, हे विचारणंही तिनं बंद केलं. मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायची. सारखी नाही म्हणणारी माझी पोर आता हळूच म्हणायची, "हो..."

थोडं थांबून पुन्हा, "हो..."

मी जवळ गेले की गप्प.

त्या कोपऱ्यातला रंग वाळलाच नव्हता. बाकी भिंती कोरड्या, आणि तिथे पिहूच्या उंचीएवढा एक ओला पट्टा. पावसाळा आहे, ओल आली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग माझ्या लक्षात आलं...

पाऊस ऐकू येत नव्हता.

खिडकीतून धार दिसत होती. पत्र्यावर पडत होती. आवाज मात्र नाही. बेडूक नाही, नदी नाही, कोंबडी नाही. नुसता पिवळा रंग, आणि आम्ही दोघी.

तेवढ्यात मंगलीबाईची हाक आली. फार लांबून आल्यासारखी.

"पिहूची माय, वास्ते आणले भाजीले. हे बांबूचे कोवळे कोंब पाय. अन् घराले काय हळद लावली का वं? लगन हाय का घराचं?"

मला हसू आलं. किती बरं वाटलं तो आवाज ऐकून. मी दाराकडे वळले.

दार नव्हतं.

पिवळी भिंत होती. सलग.

मी हातानं चाचपलं. चौकट नाही, कडी नाही, फट नाही. गुळगुळीत, थंड भिंत.

"मंगलीबाई... मले दार दिसून नाई राह्यलं."

मग तिनं विचारलं, "सुरुवात कुठून केली होती?"

"दारापासून."

"अन् शेवट?"

"कोपऱ्यात."

"काऊन वं असं? सारवताना आपण दाराकडं येत येत बाहेर निघतो ना? उलटं सारवलं तर घर आतल्याचं होते. असं माझी सासू म्हणे."

हे मलाही माहीत होतं. माझ्या माहेरी, गोंडपिपरीलाही आई तशीच सारवायची, मागून दाराकडे. पण ब्रशनं लावलेल्या डब्यातल्या रंगाला कोण सारवण, पोतारा म्हणतं?

"खरवड," ती म्हणाली. "कोपऱ्यापासून इकडं ये. पोरीले सोडू नको."

मी भाकरी उलथायचा सराटा घेतला. पिहूला कडेवर उचललं.

ती जड होती. दोन लेकरं एकदम उचलल्यासारखी जड.

कोपऱ्यातल्या ओल्या रंगात सराटा घातला तशी ती किंचाळली. "नको आई... तिले गमत नाई एकटीले."

मी विचारलं नाही कोणाला. खरवडत राहिले. पिवळ्याखालून निळा निघत होता. एक पट्टा, कोपऱ्यातून भिंतीनं दाराकडे. सराटा वाकला, मग नखांनी. पिहूचे हात माझ्या गळ्याभोवती होते, आणि तरी माझ्या पदराला मागून ओढ बसत होती.

नखाला लाकूड लागलं.

कडी...

मी बाहेर ओसरीत पडले आणि पावसाचा आवाज कानात फुटला. पिहू भोकाड पसरून रडायला लागली. नेहमीसारखी हलकी.

मंगलीबाई वास्त्यांची टोपली धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"दार तर उघडंच होतं," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली होती. तू पोरीले मांडीवर घेऊन कोपऱ्याकडं तोंड करून बसली होती. तिथूनच बोलत होती. जागची हललीच नाई. मग एकदम उठून आली."

मी वळून पाहिलं. भिंतीवर ओरखडा नव्हता. सगळा पिवळा अखंड.

माझ्या नखांत मात्र रंग होता. ओला.

त्या खोलीत आम्ही पुन्हा झोपलो नाही. मंगलीबाईकडेच राहिलो. पूल उघडल्यावर प्रणित आले, खोली पाहून म्हणाले, "मस्त दिसून राह्यली की. काऊन सोडतं?" सामान त्यांनाच काढायला लावलं.

आता मी पिहूला घेऊन गोंडपिपरीला आईकडे आहे. चुन्याची पांढरी भिंत, मोठ्या खिडक्या. पिहू जेवते, खेळते, मामाशी भांडते. तिच्या केसांना तेल लावताना वाटतं, सुटलो बाई.

काल आम्ही शेतात गेलो होतो. चारी बाजूंनी हरभरा, वर आभाळ, लांबवर एक भिंत नाही. मी बांधावर बसून तिला बोरं निवडून देत होते.

तिनं खाता खाता माझं बोट धरलं आणि अगदी सहज विचारलं,

"आई, आपून बाहेर कधी निघू?"